लिलावात गप्प, घरात गर्जना

वाचकाचं पत्र थोडं कमी करून देते आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, शब्द त्यांचेच आहेत.

"आदरणीय ताई, मी मालवण तालुक्यातला मच्छीमार, वय ४४. भावाबरोबर भागीत बोट आहे. घरात आई, बायको आणि नववीतला मुलगा. आम्ही कॅथलिक. रविवारची मिस्सा चुकवत नाही, महिन्यातून एकदा कुमसारीला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, जातो. माझा राग वाईट आहे. आजोबांचा तसाच होता, बाबांचा पण. डोक्यात रक्त चढलं की मला काही कळत नाही. मार्चमध्ये कित्येक दिवस बोट जवळजवळ रिकामी येत होती. पर्ससीनवाले, मोठ्या जाळ्यांच्या बोटीवाले, सगळं ओढून नेतात, आमच्यासारख्यांचं कोण ऐकतं? त्या दिवशी थोडा बांगडा मिळाला, तर व्यापाऱ्याने लिलावात निम्म्या भावाने मागितला आणि वर चार माणसांत हसला. घरी आलो तर मुलगा जीपीएस घेऊन बसलेला. त्याच्या हातून मासे मिळायच्या जागांचे सगळे पॉइंट पुसले गेले होते, किती वर्षांचे. मी वल्ह्याचा दांडा उचलला. मुलाचं मनगटाजवळचं हाड मोडलं. मुलाने डॉक्टरांना सांगितलं, जेट्टीवर पाय घसरला. बायको मुलाला घेऊन वेंगुर्ल्याला माहेरी गेली आहे, फोन उचलत नाही. आई म्हणते, झालां तां झालां, क्षमा करायला शिकवलंय ना आपल्याला, मग हिला कळत नाही? मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. येशूनेही देवळात चाबूक उचलला होता, मग राग पाप कसा? हा राग आवरायचा कसा? आणि जूनमध्ये बोटी वर काढायच्या आत बायकोला घरी कसं आणू?"

भाऊ,

तुम्ही काही लपवलं नाहीत, दांड्याचंसुद्धा लिहिलंत, म्हणून मीही सरळ लिहिते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला हवं तसं मिळणार नाही. आणि तिन्ही प्रश्नांच्या आधी एक काम आहे, जे तुम्ही विचारलेलंच नाही.

मुलाच्या हातावर जे डॉक्टर उपचार करताहेत त्यांना खरं सांगा. पडून मोडलेलं हाड आणि दांडा बसून मोडलेलं हाड डॉक्टर वेगळ्या नजरेने बघतात. मुलगा वाढीच्या वयाचा आहे. मनगटाजवळ मार बसला असेल तर हाडाचा वाढणारा भाग दुखावलाय का, हे पुढेही तपासत राहावं लागतं. खोट्या माहितीवर ते नीट होणार नाही. खरं सांगितलंत तर पोलिसांपर्यंत गोष्ट जाईल अशी भीती वाटत असणार. जाऊ शकते. मुलांवरच्या क्रूरतेसाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ७५ आहे, आणि बाप त्यातून सुटलेला नाही. जे होईल ते तुमच्या वाट्याला येईल, आणि ते तिथेच यायला हवं. आत्ता ते मुलाच्या वाट्याला आलंय. दुखणारा हात धरून त्याने डॉक्टरांसमोर "पाय घसरला" म्हटलं. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराने बापाला वाचवलं. हाड मोडल्याचं तुम्ही पत्रात लिहिलंत. त्याला खोटं बोलावं लागलं, हे तुम्हाला मोडल्यासारखं वाटलेलं दिसत नाही.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते: "डोक्यात रक्त चढलं की मला काही कळत नाही."

भाऊ, तुम्हाला कळतं. चांगलं कळतं. त्याच दुपारचं तुम्हीच लिहिलंय ते परत वाचून बघा. व्यापाऱ्याने निम्मा भाव लावला, लोकांत हसला. तुम्ही काय केलंत? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही, म्हणजे काहीच केलं नसणार. टोपली दिली असेल, चिठ्ठी घेतली असेल आणि घरची वाट धरली असेल. का, ते डक्क्यावरच्या (बोटी लागतात त्या धक्क्यावरच्या) कुणालाही ठाऊक असतं. हंगामाच्या सुरुवातीची उचल त्याच्याकडून घेतलेली असते, बर्फ त्याच्या गाडीतून येतो, उद्या पुन्हा त्याच्याच समोर टोपली ठेवायची असते. तुमचं रक्त तेव्हाही तापलेलंच होतं, तरी हात खिशात राहिला. तो घरी आल्यावर सुटला, जिथे समोर कोण होतं? ज्याला तुमच्याच ताटात जेवायचं आहे तो. याला अनावर राग म्हणता येत नाही. हा राग माणूस बघून येतो.

हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण यातच तुमच्यासाठी एक चांगली बातमी आहे. जो राग लिलावात आवरता येतो तो घरातही आवरता येईल. ताकद तुमच्यात आहे, ती रोज वापरताय. आजोबा आणि बाबा यांच्यावर ढकलायची गरज नाही. तेही पाटलासमोर आणि सावकारासमोर गप्पच बसत असतील, पण हे घराण्याच्या रागाच्या गोष्टीत कुणी सांगत नाही. "आमच्याकडे पुरुषांचा राग जरा कडकच" असं सांगताना कोकणातल्या घरांत थोडा अभिमानही असतो बघा, मग घर कुठल्याही धर्माचं असो.

येशूच्या चाबकाचं म्हणाल, तर ही ढाल मी पुष्कळ पुरुषांच्या हातात बघितली आहे. निदान ती कुठून घेतली ते तरी नीट वाचून घ्या. मार्कच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढा. येशू यरुशलेमात येतो, मंदिरात जातो, सगळीकडे नजर टाकतो, आणि संध्याकाळ झाली म्हणून बारा शिष्यांना घेऊन बेथानीला निघून जातो. मंदिरात बसलेल्या सराफांचे चौरंग त्याने उलथले ते दुसऱ्या दिवशी. जे बघायचं ते आदल्या संध्याकाळीच बघून झालं होतं, आणि मधे अख्खी रात्र गेली. बेथानी यरुशलेमपासून तीनेक किलोमीटर. म्हणजे जाताना आणि येताना चालत विचार करायलाही वेळ होता. चाबूक आहे तो योहानाच्या शुभवर्तमानात, आणि तो कुठून आणलेला नाही, दोऱ्यांचा तिथेच वळलेला आहे. दोर वळायला वेळ लागतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्याच प्रसंगात कबुतरं विकणाऱ्यांना त्याने तोंडानेच सांगितलं, ही इथून घेऊन जा. आणि हे सगळं कोणाविरुद्ध? देवाच्या घरात धंदा मांडून बसलेल्यांविरुद्ध, ज्यांच्या पाठीशी याजकांची सत्ता होती. मार्कच्या सांगण्यात त्यानंतर आठवडाही उलटला नाही तोच त्याला क्रुसावर चढवलं. त्या रागाची किंमत त्याने स्वतः भरली. तुमच्या रागाची किंमत एका पोराने भरली.

उलट त्याचा स्वतःचा अपमान झाला तेव्हा बघा. महायाजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली. त्याने विचारलं, मी वाईट बोललो असेन तर दाखव, नाहीतर मारतोस का? बस. गेथशेमानी बागेत येशूला पकडायला आले तेव्हा त्याचा शिष्य पेत्र याने तलवार उपसून मल्ख नावाच्या नोकराचा कान तोडला, तेव्हा येशूने पेत्राला थांबवलं, आणि लूक सांगतो की तो कान त्याने बरा केला. पेत्रही मच्छीमार. याकोब आणि योहान, जब्दीचे मुलगे, तेही मच्छीमार. बापाची बोट होती, मजूर होते, म्हणजे तसं बऱ्यापैकी घर. या दोघांना येशूने नावच ठेवलं होतं, गर्जनेचे पुत्र. शोमरोनी गावाने मुक्कामाला जागा दिली नाही म्हणून "आकाशातून अग्नी पाडायचा का?" असं विचारणारे हेच. येशू वळला आणि त्यांनाच धमकावलं. मग सगळे दुसऱ्या गावाला गेले. डक्क्यावरच्या तापट माणसांना घेऊन काम करायची त्याला सवय होती, त्यामुळे तुमचा स्वभाव बघून तो दचकणार नाही.

तर राग पाप आहे का? राग येणं पाप नाही. पौलाने इफिसकरांना लिहिलं ते तुम्ही ऐकलेलं असणार: राग आला तरी पाप करू नका, रागात असताना सूर्य मावळू देऊ नका. याच्या पुढचंच वाक्य आहे की सैतानाला जागा देऊ नका, ते मात्र फारसं ऐकायला मिळत नाही. इथे मला एक सांगू द्या. हे सूर्याचं वचन मी नको त्या ठिकाणी वापरलेलं पुष्कळ ऐकलंय. नवऱ्याने मारलं, आणि रात्र व्हायच्या आत बायकोने बोललंच पाहिजे, कारण बायबलात लिहिलंय! अट राग धरणाऱ्यावर आहे, मार खाणाऱ्यावर नाही. डोंगरावरच्या प्रवचनात तर येशू आणखी पुढे गेला. खून करू नको ही जुनी आज्ञा सांगून लगेच म्हणाला की आपल्या भावावर रागावणाराही न्यायसभेच्या दंडाला पात्र. खून आणि राग त्याने एका ओळीत बसवले, कारण एकाची सुरुवात दुसऱ्यात असते.

ही सुरुवात कशी असते ते उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात दिसतं. काइनाचं अर्पण देवाने मान्य केलं नाही, त्याचा भाऊ हाबेल याचं केलं. काइन संतापला, त्याचं तोंड उतरलं. पुढे लगेच खून येईल असं वाटतं, पण मधे देव त्याच्याशी बोलतो. का रागावलास म्हणून विचारतो, आणि सांगतो की पाप दाराशी टपून बसलंय, त्याच्यावर तू ताबा मिळवायला हवास. हा प्रश्न खुनाच्या आधी विचारलेला आहे. काइनाने त्याला काय उत्तर दिलं? काहीच नाही. बायबलात त्याचं उत्तरच नाही. तो थेट हाबेलाशी बोलतो आणि दोघे शेतात जातात. अर्पण नाकारलं देवाने, जीव गेला भावाचा. भाव पाडला व्यापाऱ्याने, हात मोडला मुलाचा. काइनाने त्या क्षणी देवाला नुसतं "मला अपमान वाटतोय" एवढं म्हटलं असतं तरी गोष्ट वेगळी झाली असती, असं मला नेहमी वाटतं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरात शोधू नका. तुमचा राग घरी सुरू होत नाही, लिलावाच्या टोपलीपाशी सुरू होतो. घरी तो फक्त पोचतो. काम डक्का ते उंबरठा या वाटेवर आहे.

रागात शरीराचंही गणित असतं. अॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, रक्तदाब चढतो, कान गरम होतात, दात आवळले जातात, मुठी बंद होतात. वाद संपला तरी हे लगेच उतरत नाही, अर्धा तास, कधी त्याहून जास्त घेतं. जोराच्या रागानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे, तेव्हा चव्वेचाळिसाव्या वर्षी तुमच्या स्वतःच्या जिवासाठीही हे वाचून ठेवा. भाव पडलेल्या दिवशी थेट घरी जायचं नाही, हा नियमच करा. जाळी धुवा, बोट धुवा, भावाशी हिशेब करा, वाटेवर खुरीस (क्रूस) असेल तिथे बसा. घरी फोन करून एवढंच सांगा की आज भाव पडलाय, मी तासाभराने येतो. घरात असताना अंगात चढायला लागलं तर "मी बाहेर जाऊन येतो" म्हणा आणि खरोखर बाहेर पडा, आणि सांगितलेल्या वेळेला परत या. न सांगता निघून जाणं आणि रात्री उशिरा पिऊन येणं याला बाहेर जाणं म्हणत नाहीत. पत्रात दारूचा उल्लेख नाही. नसेल तर उत्तम. असेल तर आधी तेच बघावं लागेल, कारण प्यायल्यावर वरचे सगळे नियम वाहून जातात. वल्ही, दांडे, कोयते घरात ठेवू नका. बोटीचं सामान बोटीत.

आणि त्या व्यापाऱ्याचा, पर्ससीनवाल्यांचा जो राग आहे, तो टाकू नका. तो बरोबर आहे. मासा संपतोय, लहान बोटीच्या वाट्याला काही उरत नाही, हा अन्याय आहे आणि त्यावर राग यायलाच हवा. राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले ते काही कोणी आपणहून दिले नव्हते. लहान मच्छीमारांनी अर्ज दिले, मोर्चे काढले, वर्षानुवर्षं मागे लागले, त्यात मालवणची माणसं पुढे होती. नियम कागदावरच राहतात ही तुमची तक्रार असेल, तर ती मत्स्यव्यवसाय खात्यात लेखी द्या, पोच घ्या, सोसायटीच्या सभेत बोला. उचलीचा हिशेब कागदावर मांडा आणि त्या व्यापाऱ्यातून सुटायला किती हंगाम लागतील ते भावाबरोबर बसून काढा. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात येशू सभास्थानात रागाने सगळ्यांकडे बघतो, त्यांच्या कठोरपणाचं त्याला दुःख होतं, आणि लगेच पुढे तो काय करतो? एका माणसाचा वाळलेला हात बरा करतो. राग आला आणि हातून काहीतरी बरं झालं, असा तो राग.

कुमसारीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुमची खरी गोची तिथे आहे असं मला वाटतं. दर महिन्याला जाता, तेच पाप सांगता, खरोखर वाईट वाटतं, क्षमा मिळते, हलकं होऊन घरी येता. उधारीची वही दर महिन्याला कोरी होते आणि ज्याचं देणं आहे त्याला पैसा मिळत नाही, असं ते झालंय. पश्चात्तापात पुन्हा न करण्याचा निश्चय येतो, आणि केलेलं नुकसान भरून देणंही येतं. बायबलातल्या जक्कय नावाच्या जकातदाराने नुसतं "चुकलो" म्हटलं नाही, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत देतो म्हणाला. येशूने तर अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाशी समेट करायला जायला सांगितलं. पण समेट म्हणजे तिला परत बोलावणं असं समजू नका. तुमच्याकडून जे मोडलं ते तुम्ही दुरुस्त करायला घेणं, एवढाच त्याचा तुमच्याकडचा भाग आहे.

आणखी एक. कुमसारीत ऐकलेलं फादर कोणालाही सांगू शकत नाहीत, बाहेर भेटलात तर आपणहून तुमच्याकडे विषयसुद्धा काढू शकत नाहीत. हे गुपित चांगल्यासाठीच आहे. पण त्यामुळे तुमच्या रागावर लक्ष ठेवणारं माणूस या जगात एकही नाही, हेही खरं. म्हणून एकदा फादरांना कुमसारीच्या बाहेर भेटा. समोरासमोर बसून, दांड्यासकट सगळं सांगा आणि म्हणा, दर पंधरा दिवसांनी मला विचारा. भावालाही सांगा. बोटीत तो रोज बरोबर असतो, तुमचा चेहरा त्याला आधी कळेल.

तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायला बसलात आणि डोळ्यांसमोर मरियेऐवजी तो हसणारा व्यापारी आला, असं होतं का? होत असेल तर घाबरू नका. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रियस नावाच्या तपस्व्याने हेच लिहून ठेवलंय, की क्रोध प्रार्थनेच्या वेळीच मन पळवतो आणि ज्याने दुखावलं त्याचं तोंड समोर धरतो. तसा आला तर त्याला तिथेच बसवा, देवाला त्याच्याबद्दल जे बोलायचं ते बोला. स्तोत्रांमध्ये लोक देवाशी किती भांडलेत ते बघितलंत तर तुमची भीड चेपेल. काइनाने जे केलं नाही ते हेच.

आता आईबद्दल. त्या तुमच्या आई आहेत, मी जपून बोलते. नीतिसूत्रांच्या एकोणिसाव्या अध्यायात एक रोखठोक वचन आहे: अतिशय संतापी माणसाला दंड भोगू द्यावा, त्याला सोडवलंस तर पुन्हा पुन्हा सोडवावं लागेल. तुमच्या घरात कोणीतरी नेहमी सोडवत आलंय. आधी आजी असेल, मग आई, आणि परवा डॉक्टरांसमोर मुलगा. आईला एवढंच सांगा, "माय, तिच्याबद्दल कोणाकडे काही बोलू नकोस, चूक माझी आहे." शेजारीपाजारी, नातेवाईक, वाड्यावरच्या बायका, सगळ्यांसमोर हेच एक वाक्य.

आणि तुमची बायको. दावीद राजा व्हायच्या आधीची गोष्ट आहे. नाबाल नावाच्या माणसाने अपमान केला म्हणून तो चारशे माणसं घेऊन त्याचं घर कापायला निघाला होता. नाबालाची बायको अबीगईल वाटेत आडवी आली, आणि दावीदाने तिचे आभार मानले, की आज तू मला रक्त सांडण्यापासून आवरलंस. तुमची बायको मुलाला घेऊन घराबाहेर पडली तेव्हा तिने हेच केलं. पुढच्या वेळी दांडा डोक्यात बसला असता तर आज तुम्ही मला पत्र लिहीत नसता. तिचे आभार माना, मनातल्या मनात तरी.

क्षमा सत्तर गुणिले सात वेळा करायची, हे खरं. क्षमा ती वेंगुर्ल्यात बसूनही करू शकते. क्षमा केली म्हणून त्याच छपराखाली परत यायलाच हवं, असं येशूने कुठे सांगितलेलं मला माहीत नाही. चर्चचा कायदाही तसं म्हणत नाही. धर्मविधिसंहितेचं कलम ११५३ सांगतं की जोडीदारामुळे दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या आत्म्याला किंवा शरीराला गंभीर धोका असेल तर वेगळं राहायला ते पुरेसं कारण आहे, आणि थांबणं धोक्याचं असेल तर कोणाच्या परवानगीची वाट न बघता. लग्न त्याने मोडत नाही. म्हणून कोणी तिला "घर सोडलंस म्हणजे पाप केलंस" म्हणत असेल तर त्याला गप्प करणं तुमचं काम. लग्नाच्या मिस्सेत "स्त्रियांनो, पतीच्या अधीन असा" हे वाचन सगळ्यांच्या लक्षात राहतं. कलस्सैकरांच्या पत्रातही ते वाक्य आहे, आणि तिथे लगेच पुढे आहे की पतींनी बायकोशी कठोरपणे वागू नये, आणि बापांनी मुलांना चिडवू नये, नाहीतर ती खचतील.

हे सदर ती वाचत असेल तर तिच्यासाठीही दोन ओळी. बाई, घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा तुमच्यासाठी आहे, त्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, आणि अंगावर आलं तर ११२. मदत मागितली म्हणून नवऱ्याचा घात केला असं होत नाही.

तर जूनच्या आत तिला कसं आणायचं? आणायचं नाही, भाऊ. ती आणण्याची वस्तू नाही, आणि जून ही तुमची तारीख आहे, तिची नव्हे. मध्यस्थ पाठवू नका, सासऱ्यांना गळ घालू नका, सणाच्या निमित्ताने अचानक दारात जाऊन उभे राहू नका. एक पत्र लिहा, हाताने, आणि भावाकरवी पोचवा. त्यात हे असू द्या: मी मारलं, दांड्याने मारलं, डॉक्टरांना खरं सांगितलंय, माझ्या रागावर उपचार सुरू केलेत, घरखर्चाचे पैसे दर महिन्याला या तारखेला पोचतील, तुम्ही कुठे राहायचं ते तुम्ही ठरवा. "पण" हा शब्द त्यात एकदाही येऊ देऊ नका. व्यापारी नको, पॉइंट नको, आईची तब्येत नको. परत कधी येणार हेही नको. मुलासाठी वेगळी चिठ्ठी लिहा. त्यात सांगा की डॉक्टरांसमोर खोटं बोलायला लागलं ती माझी चूक, आता तुला ते सांभाळायची गरज नाही. पॉइंटबद्दल लिहायचंच असेल तर इतकंच की ते पुन्हा घेता येतात. जीपीएस यायच्या आधी जुने तांडेल, बोटीचे म्होरके, किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून पाण्याखालचं खडप शोधायचे, तुमच्या बाबांनीही तेच केलं असेल. ते तुम्हाला अजून येत असेल तर एखाद्या सकाळी बसा आणि आठवून वहीत उतरवा. मुलगा ती वही बघेल की नाही ते आत्ताच ठरवू नका.

उपचार म्हणजे काय, तर फोनवर बोलून सुरुवात करायची असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. समोर बसून बोलायचं तर ओरोसला जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. वेडे लोक तिथे जातात असं कोणी म्हणालं तर म्हणू द्या. पुष्कळदा रागाच्या आड झोप उडणं, कर्जाची धास्ती, कुणाला न सांगितलेली उदासी असते, आणि त्यावर इलाज असतो. एका भेटीत काही होत नाही, काही महिने जात राहावं लागेल. बोटी वर काढल्यावर तुम्हाला वेळच वेळ असणार, जाळी विणण्यापलीकडे काम नसतं, आणि तोच वेळ घरात कुरबुरीचा आणि बाटलीचाही असतो. पण पहिली भेट मे महिन्यातच उरकून घ्या. जूनवर टाकलीत तर ओरोसला न जायला पावसाचं कारण सांगाल.